गोव्यात समुपदेशन: बांबोळी, खासगी की फोनवर?

‘चांगला समुपदेशक कोण?’ असं फोंडा-डिचोलीकडची ओळखीची माणसं विचारतात, तेव्हा मी उलट विचारते: झोप, जेवण, कामावर जाणं, हे चालू आहे ना? चालू असेल तर खालची तुलना सावकाश वाचा. ते बंद पडलं असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर निवड करत बसायची ही वेळ नव्हे. सरळ बांबोळीचं सरकारी मानसोपचार इस्पितळ गाठायचं.

बांबोळीची मानसोपचार संस्था, म्हणजे आयपीएचबी, पूर्वी पणजीत आल्तिनोला होती आणि तिला कांदोळीच्या आबे फारियांचं नाव होतं. संमोहनाचा अभ्यास युरोपात गाजवणाऱ्या गोंयकाराचं नाव इस्पितळाला द्यायचं आणि तिथे जाणाऱ्याला वेड्यात काढायचं, हे आपल्यालाच जमतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, औषधं आणि भरती एकाच आवारात आहेत, आणि सरकारी असल्यामुळे खर्चाचा धसका नाही. दारूचं व्यसन, तीव्र नैराश्य, बाळंतपणानंतर बिघडलेली मनःस्थिती यांसाठी मी दुसरीकडे बघणारही नाही. अडचण गर्दीची. केसपेपर काढून सकाळ जाते, आणि समोरच्या डॉक्टरला तुमच्या सासरची सगळी कथा ऐकायला वेळ नसतो. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही मानसोपचाराची सोय आहे, त्यामुळे पेडण्याच्या किंवा काणकोणच्या माणसाने आधी तिथे विचारावं.

खासगीत नेमका तो वेळ विकत मिळतो: पाऊण तास ते तास, आणि दर वेळी समोर तीच व्यक्ती. पण ‘समुपदेशक’ या पाटीवरून काहीच कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर, या सगळ्यांत औषध तोच देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. बाकीच्यांत एम. ए. करून वर्षानुवर्षं काम केलेले आहेत, तसे दोन महिन्यांचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलेही आहेत.

तरीही केवळ मोठ्या पदवीमागे धावू नका, असं मी गोव्यातल्याच एका संशोधनाच्या आधारे सांगते. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांसाठी मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेली साधी माणसं प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवली. सहा ते आठ बैठका, भर एवढाच की सुटलेली कामं आणि माणसं थोडी थोडी पुन्हा जवळ करायची. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचं. त्या समुपदेशकांना ठरलेली पद्धत होती आणि कामावर देखरेख होती. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: तुमची पद्धत कोणती, साधारण किती बैठका, आणि तुम्हाला न जमणारी केस कुणाकडे पाठवता? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो, तिथे मी जाणार नाही. पैशांचा हिशेबही बैठकांच्या आकड्यावरूनच लागतो. बैठकीला हजार रुपये धरले तर आठ बैठकांचे आठ हजार. ‘बघू, चालू ठेवू’ म्हणणाऱ्याकडे हिशेबच नाही.

आता गोव्याची खास अडचण. समुपदेशक तुमच्या नणंदेच्या वर्गातली निघते आणि मंगेशीच्या जत्रेत समोर उभी राहते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, जिवाला धोका असण्यासारखे काही अपवाद सोडून. पण कायदा आहे म्हणून जीभ मोकळी होते असं नाही. साखळीच्या माणसाने मडगावचा समुपदेशक निवडला तर मला ते शहाणपणाचं वाटतं.

किंवा फोन. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. रात्री दोन वाजता छाती धडधडतेय आणि घरच्यांना उठवायचं नाही, अशा वेळी याला तोड नाही. मात्र दर वेळी तीच व्यक्ती मिळेल असं धरू नका, त्यामुळे लांबलेल्या दुखण्याला हा आधार अपुरा पडतो. व्हिडिओवरचा ठरलेला खासगी समुपदेशक हा मधला मार्ग, विशेषतः नवरा बोटीवर आणि बायको गावात असेल तर. एकच अट: बोलताना दार लावता येईल अशी खोली हवी. एकत्र कुटुंबात तीच मिळत नाही.

नवरा-बायकोच्या भांडणासाठी बांबोळीपेक्षा खासगी बरं, पण जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण आहे का ते विचारून. एकट्याला ऐकणारा माणूस दोघांना ऐकताना नकळत एकाची बाजू घेतो. मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवणारं समुपदेशन नकोच. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि घर कुणाचं, हे समुपदेशकाला विचारू नका. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक धरतात; त्यासाठी वकील गाठा.

व्यक्तिमत्त्व विकासाबद्दल थोडक्यात. हरमल-हणजूण पट्ट्यात ‘हीलिंग’च्या पाट्या बऱ्याच, आणि लाइफ कोच व्हायला कुठली परीक्षा द्यावी लागत नाही. हौस आणि पैसे असतील तर जरूर जा. पण चालू गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं, तर भरलेल्या पैशांवर पाणी सोडून उठा आणि ज्यांनी गोळ्या दिल्या त्या डॉक्टरांना विचारा.