लक्ष्मीपुरीतील किराणा भिशी: दोन दिवाळ्यांचा हिशेब

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि दिवाळीचा किराणा गेली दोन वर्षे लक्ष्मीपुरीतील एका जुन्या दुकानाच्या भिशीतून घेतो. दिवाळी संपली की दुकानातून एक कार्ड मिळते. नोव्हेंबर ते सप्टेंबर असे ११ महिने दरमहा १० तारखेपर्यंत ५०० रुपये भरायचे आणि कार्डावर शिक्का घ्यायचा. भरलेल्या ५,५०० रुपयांत दुकानदार स्वतःचे ३०० रुपये घालतात आणि कोजागिरीनंतर ५,८०० रुपयांचा माल देतात. यादी मात्र अनंत चतुर्दशीपर्यंत द्यावी लागते, आणि माझ्या मते या योजनेतील सर्वांत मोलाची अट हीच आहे.

प्रथम ३०० रुपयांविषयी, कारण भिशीत शिरणारा प्रत्येक जण त्या आकड्याकडे पाहूनच शिरतो. पहिला हप्ता दुकानदाराकडे ११ महिने राहतो आणि शेवटचा एकच महिना. हेच हप्ते साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत भरले असते, तर साध्या व्याजाने सुमारे १७९ रुपये मिळाले असते. त्यामानाने ३०० रुपये चांगले दिसतात. परंतु माल मिळतो तो दुकानाच्या त्या दिवशीच्या दराने. म्हणून २०२५ च्या दिवाळीचा माल उचलला त्याच दिवशी मी तीच यादी घेऊन धान्य बाजारातील आणखी दोन दुकानांत दर विचारून आले. त्यांतील स्वस्त दुकानात सारा माल ५,६४० रुपयांत बसत होता. साखर, मैदा, रवा, हरभरा डाळ आणि तेल यांच्या दरांत फरक नव्हता. खोबरे, काजू आणि बेदाणे यांत १०० रुपये जास्त पडले होते, आणि भाजके पोहे, डाळे व शेंगदाणे यांत ६०. म्हणजे ३०० पैकी १६० रुपये दरांतून परत गेले, हाती राहिले १४०, आणि ठेवीशी तुलना केली तर आम्ही ३९ रुपये गमावले.

तरीही ही भिशी मी सोडणार नाही. २०२३ च्या दिवाळीत भिशी नव्हती. बोनस हातात पडला की महाद्वार रोडवर कपड्यांसाठी जायचे आणि परतताना किराणाही आणायचा, असे तीन-चार वेळा झाले; प्रत्येक वेळी ‘अर्धा किलो जास्त असू दे, पाहुणे येतील’ असे म्हणून पुडा वाढत गेला, आणि वहीत किराण्यापुढे ८,७०० रुपयांचा आकडा पडला. चकल्या तुळशीच्या लग्नापर्यंत पुरून उरल्या आणि मऊ पडल्या. आता श्रावणातच सासूबाई आणि मी वही उघडून बसतो, मागच्या वर्षी कोणता जिन्नस किती उरला ते पाहतो आणि मगच वजन लिहितो. भाजणी दोन किलोंवरून सव्वा किलोवर आली, शंकरपाळ्यांचा मैदा निम्मा झाला, आणि फराळाचे एकही ताट त्यामुळे उणे दिसले नाही. या वर्षी भिशीबाहेर किराण्यावर गेले ते ६२० रुपये. सणाच्या गर्दीत, वासांच्या आणि दिव्यांच्या मधोमध उभे राहून किती घ्यायचे हे ठरवणे, आणि दोन महिने आधी शांतपणे घरात बसून ठरवणे, यांत एवढे अंतर पडते याची मला आधी कल्पना नव्हती.

तेलाच्या बाबतीत मात्र दुकानाविषयी माझी तक्रार आहे. पहिल्या वर्षी कार्डावर ‘तेल डबा १५’ एवढेच लिहिले होते, मी ते किलो समजले, आणि चकलीचे शेवटचे दोन घाणे राहिले असताना डबा रिकामा झाला. डबा १५ लिटरचा होता. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, म्हणजे १५ किलोंपेक्षा जवळपास दीड लिटर कमी. डब्यावर वजन छापलेले असते हे खरे, पण कार्डावर परिमाण लिहिणे दुकानाचे काम होते. पिशव्यांच्या तेलातही हेच पाहावे, कारण सगळ्याच पिशव्या पूर्ण लिटरच्या नसतात.

उलट एका गोष्टीचे कौतुक केलेच पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप आणि बदाम-पिस्त्यांसारखा सुकामेवा यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून आणि अंगाचा साबण व केसांचे तेल यांवरील १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमची यादी त्याआधीच दिलेली होती, तरी दुकानदारांनी न मागता तूप आणि साबण नव्या दराने लावले आणि ‘वहिनी, तुमचे एवढे उरतात’ म्हणून त्या पैशांची साखर दिली. खाद्यतेल आणि साखर यांवर आधीही ५ टक्केच होता आणि सुट्या डाळींवर नव्हताच, तेव्हा तेथे काही स्वस्त होणार नव्हते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

ही भिशी सर्वांनीच धरावी असे मी म्हणणार नाही. माझ्या माहेरी गोठा आहे. तेथे गोकुळ दूध संघाचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातील वाढीव रक्कम, दिवाळीच्या तोंडावर गावच्या दूध संस्थेतून एकरकमी हाती येतो, त्यामुळे वर्षभर हप्ते भरण्याचे त्यांना कारणच नाही. दरमहा ठरावीक पगार येणाऱ्या आणि तो ठरावीकच संपणाऱ्या आमच्यासारख्या घराला मात्र ती सोयीची आहे. दुकान बंद पडले तर आपल्या हाती शिक्क्यांचे कार्ड तेवढे उरते, हे ध्यानात ठेवून, बुडाले तर सोसवेल एवढ्याच रकमेची भिशी धरावी. माल घरपोच मिळत नाही, रिक्षाचे भाडे वेगळे पडते.

पुढच्या वर्षीचे कार्ड आम्ही घेतले आहे. खोबरे आणि सुकामेवा यादीतून काढून टाकला, तो रोखीने बाजारातून घेऊ. हप्ता त्यामुळे ४०० रुपयांवर आला. तेलापुढे ‘१५ किलो’ असे दुकानदारांच्याच हस्ताक्षरात लिहून घेतले आहे.