इमॅजिकाचा पावसाळी दिवस: पोंचो, रेनकोट, जॅकेट की छत्री?

नाशिकहून जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरलं की तिकिटांची चर्चा आठवडाभर चालते आणि रेनकोटची आठवण निघायच्या आदल्या रात्री होते. मग कुणीतरी म्हणतं, "गाडीच्या डिकीत आहे की तो!" तो म्हणजे सातपूर-अंबडला कामावर जाताना दुचाकीवर घालायचा पँट-शर्टचा सूट. रोजच्या कामाला तो उत्तमच आहे. थीम पार्कला मात्र त्याच्याइतकं गैरसोयीचं दुसरं काही नाही.

कारण साधं आहे. दुचाकीवर आपण रेनकोट एकदा चढवतो, अर्धा तास बसतो आणि पोचलो की काढतो. पार्कात तोच दिवसभर काढा-घाला चालतो. रांग छपराखाली आली की उकडतं म्हणून काढा. राइडवर बसायचं म्हणून काढा. बंद हॉलमधल्या एसीत ओल्या प्लॅस्टिकने हुडहुडी भरते म्हणून काढा. जेवायला बसताना काढा. त्यामुळे दुकानात उभं राहून "पाणी आत जाणार नाही ना?" एवढंच विचारून भागत नाही. किती पटकन निघतो, निघाल्यावर कशात मावतो आणि ओला असताना पुन्हा अंगावर चढतो का, हे तीन प्रश्न जास्त कामाचे. पुढची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

आधी पावसाचा अंदाज दुरुस्त करा

नाशिक शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपली सवय रिपरिपीची. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जातो, पण ते पाणी बरंचसं वर त्र्यंबकच्या डोंगरात पडलेलं असतं. इगतपुरीला हाच आकडा ३००० च्या वर जातो. खोपोली तर बोरघाटाच्या पायथ्याशी, ढग सह्याद्रीला जिथे धडकतात त्याच पट्ट्यात आहे. तिथली सर आडवी येते, अर्धा तास झोडपते, मग दहा मिनिटं उघडीप, की पुन्हा सुरू. वर कोकणातला दमटपणा. नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळ निभावून नेणारं कापड तिथे गेटपासून पहिल्या राइडपर्यंत पोचेस्तोवर पाणी सोडतं.

म्हणून विंडचिटर यादीतून लगेच काढून टाकतो. तो वाऱ्यासाठी असतो, भुरभुरीत चालून जातो, तिथे नाही. पहाटे कसारा घाटात गाडीची काच खाली करून धुकं बघायचं असेल तर जरूर घाला.

छत्री

थीम पार्कात छत्री म्हणजे दिवसभर एक हात गुंतलेला. रांगेत तिच्या काड्या पुढच्याच्या डोळ्यापाशी आणि पागोळ्या मागच्याच्या खांद्यावर. राइडवर नेता येत नाही, आणि आडव्या पावसात कमरेखाली तिचा उपयोग शून्य. तीन घडीची छत्री घाटाखालच्या वाऱ्यात हमखास उलटते. एकदा छत्रीचा कावळा झाला की दिवसभर मोडका सांगाडा सांभाळत फिरा.

तरी एक छत्री न्याच. सोबतचे आजी-आजोबा, जे राइडवर बसणार नाहीत आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतील, त्यांच्यासाठी. त्यांना डोक्यावरून प्लॅस्टिक ओढून घेण्यापेक्षा छत्री कितीतरी बरी वाटते. फक्त ती जुनी लांब दांड्याची असू द्या. तीच आधाराच्या काठीचंही काम करते.

दुचाकीचा सूट

पाणी अडवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. जाड पीव्हीसीचं अस्तर, चेनवर दुहेरी पट्टी, मनगटाला इलॅस्टिक. ओल्या सीटवर बसलं तरी खालून कोरडं, आणि हा गुण बाकी कशातच इतका नाही. पण पँट काढायची म्हणजे बूट काढा, एका पायावर उभं राहा, ओलं प्लॅस्टिक पोटरीला चिकटलेलं, मागून रांग पुढे सरकतेय. दोनदा हे केल्यावर माणूस तिसऱ्यांदा पँट काढतच नाही. मग आतून घामाने चिंब होतो. बाहेरून कोरडं आणि आतून ओलं, यात मिळवलं काय? शिवाय घडी केली तरी उशीएवढा गठ्ठा होतो, तो लहान सॅकमध्ये मावत नाही.

घरात दुसरं काहीच नसेल आणि नवीन खर्च करायचा नसेल तर फक्त वरचा शर्ट न्या, पँट गाडीत राहू द्या. खाली लवकर वाळणारी ट्रॅकपँट घाला. एवढ्यानेही निम्मी कटकट कमी होते.

पोंचो: माझा कौल इकडे, पण कुठला पोंचो ते बघून

इगतपुरी-घोटीकडे भातलावणीच्या दिवसांत बाया प्लॅस्टिकचं इरलं किंवा गोणीची खोळ डोक्यावर घेऊन वाफ्यात वाकलेल्या दिसतात. पोंचो हा त्या खोळीचाच शहरी भाऊ. हात मोकळे, बाजू उघड्या, एका झटक्यात अंगावर आणि एका झटक्यात बाहेर. थीम पार्कला नेमकं हेच हवं असतं.

पण पोंचो म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, मुठीएवढ्या पाकिटातला पातळ, पारदर्शक, एकदा वापरून टाकायचा. साधारण ५० ते १०० रुपयांत मिळतो. पर्यटनस्थळाच्या दारात किंमत वाढते, म्हणून घ्यायचाच तर नाशिकच्या शालिमार किंवा मेनरोडवरूनच घेऊन निघा. याची खोड अशी की तो पहिल्यांदा घालताना फाटत नाही, पहिल्यांदा काढताना फाटतो. ओला झाला की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, डोकं कुठून घालायचं ते सापडत नाही, ओढाताण होते आणि गळ्याची किंवा काखेची जोडणी उसवते. म्हणजे माणशी दोन तरी लागतात. संध्याकाळपर्यंत त्याचा चोळामोळा कचऱ्याच्या डब्यात. मला ते बघवत नाही.

दुसरा जाडसर, पुन्हा पुन्हा वापरायचा, दुधी रंगाच्या मऊ प्लॅस्टिकचा किंवा कोटिंग केलेल्या नायलॉनचा. २०० ते ५०० रुपयांत चांगला येतो. घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. बाजूला टिचबटणं हवीत, नुसती मोकळी बाजू नको, नाहीतर वाऱ्याने सगळा पोंचो उलटून तोंडावर येतो. टोपीला पुढे थोडी कडक झालर हवी. आणि लांबी गुडघ्याच्या किंचित खाली, त्याहून जास्त नको. जिना चढताना पायात येतो.

जॅकेटवर त्याची सरशी होते ती पाठीच्या सॅकमुळे. पोंचो सॅकच्या वरूनच घालता येतो, म्हणजे बॅगला वेगळं कव्हर लागत नाही. ओली सीट असेल तर मागचा घोळ खाली दुमडून त्यावर बसा. रांगेत उकडलं की बाजूची बटणं सोडा, वारा खेळतो.

उणी बाजूही आहे. नायट्रोसारख्या रोलर कोस्टरवर पाय अधांतरी लोंबतात आणि खांद्यावरून पट्टा येतो. तिथे फडफडणारं, सैल काहीही अंगावर ठेवू नये. तिथला कर्मचारी पोंचो काढायला सांगेलच, त्याच्याशी हुज्जत घालू नका. काढलेला पोंचो कोंबायला एक साधी कॅरीबॅग खिशात ठेवा. या राइडवर तुम्ही भिजणार हे गृहीतच धरा. वेगात पावसाचे थेंब चेहऱ्याला टोचतात, चष्मा असेल तर तो काढून बंद खिशात टाका. विजा चमकायला लागल्या किंवा वारा वाढला की अशा उघड्यावरच्या राइड थांबवतात. तेवढा वेळ डीप स्पेस, मिस्टर इंडिया, आय फॉर इंडिया अशा छपराखालच्या राइडसाठी राखून ठेवला तर दिवस वाया जात नाही. राजासॉरसच्या होडीत पाणी उडतंच. तिथे मात्र कर्मचाऱ्याने हरकत घेतली नाही तर पोंचो अंगावर राहू द्या.

ट्रेकिंगचं जॅकेट

हरिहर, कळसूबाई करणाऱ्यांच्या घरी हे आधीच असतं. मग नवीन पोंचो घ्यायची गरज नाही, हेच न्या. नवीन घेणार असाल तर १५०० रुपयांच्या पुढे तयारी ठेवा आणि लेबलवरचा आकडा समजून घ्या. २०००, ५०००, १०,००० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, त्याचा पडणाऱ्या पावसाशी थेट संबंध नाही. प्रयोगशाळेत कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात. तीन ठिकाणी थेंब झिरपून आले की त्या क्षणी कापड किती उंच पाण्याचा दाब झेलत होतं, तो हा आकडा. २००० म्हणजे दोन मीटर उंच पाण्याचा दाब.

नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब त्यामानाने कमीच. पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो आणि बसताना आपलं वजन ओल्या सीटवर येतं, तिथे तो एकदम वाढतो. म्हणून स्वस्त जॅकेट आधी खांद्याला आणि बुडाला ओलं होतं. खोपोलीच्या पावसासाठी ५००० पुरे. त्याआधी जॅकेट उलटं करून शिवणींवर आतून टेप आहे का ते बघा. टेप नसेल तर १०,००० लिहिलेलं असलं तरी पाणी सुईच्या भोकांतून येणारच.

"श्वास घेणारं कापड" म्हणून जे जादा पैसे घेतात, ते या सहलीपुरते तरी फुकट जातात असं माझं मत. असं कापड आतली वाफ बाहेर सोडतं ते आत जास्त आणि बाहेर कमी दमटपणा असेल तेव्हा. जुलैत कोकणाच्या तोंडाशी बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, मग वाफ जाणार कुठे? तिथे काखेखाली उघडणारी चेन जास्त काम करते. आणि बाजू उघड्या असलेला ३०० रुपयांचा पोंचो याबाबतीत महागड्या जॅकेटच्याही पुढे.

जॅकेटची जमेची बाजू म्हणजे ते अंगाबरोबर राहतं. टोपी आवळून कॉलरमध्ये खोचली की पुष्कळदा राइडवरही अंगात ठेवू देतात. चष्मेवाल्यांनी टोपीखाली साधी क्रिकेटची कॅप घालावी. तिच्या चोचीमुळे काचेवर थेंब येत नाहीत. हा उपाय पोंचोलाही लागू.

मुलांसाठी

शाळेचा रेनकोट घरात असतोच. मागे दप्तरासाठी कुबड काढलेली असते, त्यात मुलाची छोटी सॅक बसते. म्हणजे नवीन काही घ्यायला नको. दोन गोष्टी मात्र बघाच. "वाढत्या अंगाचं पोर आहे" म्हणून दोन साइज मोठा घेतलेला रेनकोट पायात येतो आणि पार्कात ओले जिने भरपूर असतात. आणि टोपीला गळ्यापाशी नाडी असेल तर ती काढून टाका. झुल्यात, कठड्यात नाडी अडकणं ही थट्टेची गोष्ट नाही. इलॅस्टिक किंवा बटण पुरतं.

रंग पिवळा, केशरी, गुलाबी, काहीही चालेल, पारदर्शक नको. पावसाळी शनिवारी त्या गर्दीत निम्म्या लोकांनी तोच पांढुरका पोंचो घातलेला असतो. त्यात आपलं पोर शोधून दाखवा.

रेनकोटइतकंच महत्त्वाचं

जीन्स घालू नका. ती एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही, जड होते, मांड्या सोलवटतात. वर उत्तम जॅकेट असलं तरी ओघळणारं पाणी जीन्सवरच येतं. ओढणी, पदर राइडवर चालत नाही, तेव्हा लेगिंग आणि कुर्ती किंवा ट्रॅकपँट. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स. गमबुटात पाणी शिरलं की ते तिथेच राहतं, मोज्यांत पायाला फोड येतात, आणि साध्या चपला ओल्या फरशीवर घसरतात.

मोबाइलला गळ्यात अडकवायची वॉटरप्रूफ पिशवी घ्या, राइडवर मात्र ती कपड्याच्या आत. आयपी६७ लिहिलेला फोन नवा असताना एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, पण दोनदा पडून कडा सैल झालेल्या फोनचा भरवसा नाही.

आणि शेजारच्या वॉटर पार्कचाच बेत असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, रेनकोटचा प्रश्नच येत नाही.

चौघांचं कुटुंब आणि सोबत आजी असेल तर माझी यादी अशी: मोठ्यांना जाड पोंचो, मुलांना शाळेचे रेनकोट, आजीला लांब छत्री. जॅकेट ज्याच्याकडे असेल त्याने न्यावं, फक्त या सहलीसाठी विकत घेऊ नये. दुचाकीचा सूट घरी. प्रत्येकाचा एक कोरडा जोड आणि पंचा गाडीत ठेवा. ओल्या कपड्यांना एक रिकामी गोणी न्या. परतीचे जवळपास दोनशे किलोमीटर आहेत, आणि बंद गाडीत ओले पोंचो-रेनकोट तसेच टाकले तर इगतपुरी येईपर्यंत कुबट वास सुटतो. घरी आल्यावर रात्रीच बाल्कनीत उलटे करून वाळत घाला. बाजूची टिचबटणं आधी पुसून कोरडी करा, ती गंजली की पुढच्या वर्षी उघडताना प्लॅस्टिक फाटतं.