एफडी म्हणून पॉलिसी गळ्यात मारली, अन् पॉलिसीधारक कोण तेच आम्हाला माहीत नव्हतं

आमचं गाव दारव्ह्याकडे, जिल्हा यवतमाळ. नोव्हेंबर 2024 मध्ये बाबांनी कापूस मोडला, पैसे खात्यात आले अन् बँकेतल्या एका पोरानं त्यांना बसवून चहा पाजला, म्हणे काका एफडी करून टाका, एकदाच 60 हजार, पाच वर्षांनी डबल. जिथं जिथं पेन्सिलीनं फुली होती तिथं बाबांनी सह्या केल्या. माझं आधार 'नॉमिनीसाठी' मागितलं, ते झेरॉक्स करून मीच दिलं, म्हणजे मूर्ख मी बी.

डाकेनं जाड पुस्तक आलं ते न फोडता सातबाऱ्याच्या पेटीत गेलं. यंदा दिवाळीनंतर खात्यातून परत 60 हजार कटले तेव्हा बाहेर काढलं. दहा वर्षं दरसाल हप्ता भरायची जीवन विमा पॉलिसी! पॉलिसीधारक बाबा, पण विमा माझ्या जीवावर. म्हणजे मी मेलो तर पैसे, बाबांचं काही झालं तर छदाम नाही, वरून पुढचे हप्ते कोण भरणार ते वेगळंच.

मी तावातावानं शाखेत गेलो तर साहेब म्हणे तुम्हाला काही सांगता येत नाही, पॉलिसीधारकाला पाठवा. लय राग आला, पण त्याचं बरोबर होतं राजेहो. करार कंपनी अन् पॉलिसीधारकाचा असते. मोबाईल नंबर बदलणं, सरेंडर (म्हणजे पॉलिसी मधातच मोडणं), रद्द करणं, सगळं त्याच्याच सहीनं. अन् अर्जात जे लिहिलं ते त्यानंच सांगितलं असं धरतात, मग भरला कोणी का असेना. पुस्तक हातात पडल्यापासून 30 दिवसांत त्यानं लिहून दिलं असतं तर थोडी कपात होऊन पैसे वापस भेटले असते, त्याला फ्री लूक म्हणतात. आमचे ते 30 दिवस पेटीत गेले.

पुस्तकाच्या मागं अर्जाची कॉपी असते, ती नक्की पाहा. आमच्यात बाबांचं उत्पन्न 8 लाख लिहून होतं (पाच एकर कोरडवाहूत!), मोबाईल नंबर त्या पोराचा, म्हणून एक मेसेज आम्हाला आला नाही. अन् माझी सही इंग्रजीत. मी जन्मात मराठीशिवाय सही केली नाही.

ऑनलाईन काही करायला जावं तर ओटीपी त्या पोरालाच जाऊन राहिला होता. मग बाबांच्या नावानं कागदावर अर्ज, आधी नंबर बदलला, मग कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र, सोबत माझ्या बँक पासबुकावरची सही. पोच घेतली. विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा (आयआरडीएआय) नंबर 155255, त्यावर फोन करून तिथं बी तक्रार नोंदवली. महिनाभरात कंपनीनं उत्तर नाही दिलं किंवा नाही म्हटलं तर विमा लोकपालाकडे जाता येते, वकील लागत नाही अन् फी बी नाही, पण तक्रारदार बाबाच.

महिना व्हायला अजून नऊ दिवस आहेत. बाबा आता डाकवाला दिसला की चष्मा शोधतात.