मेटल डिटेक्टर सात महिने वापरला: हंडा नाही मिळाला, हेडफोनचं भोक मात्र महागात पडलं

कॉइल, फ्रिक्वेन्सी वगैरे तांत्रिक गोष्टींत न शिरता सरळ मुद्द्यावर येतो. जमिनीतला धातू शोधणाऱ्या या साडेअठरा हजारांच्या यंत्राला हेडफोनचं भोक जुन्या ॲम्प्लिफायरसारखं आहे, 6.35 मिलिमीटरचं. मोबाइलचा इअरफोन बसत नाही. खोक्यावर याचा अवाक्षरही उल्लेख नाही.

एवढ्याशा भोकाचं काय घेऊन बसलात म्हणाल. रविवारी संध्याकाळी जुहूला हेडफोनशिवाय चालवून बघा. पहिल्या ‘टुंग’ला दोन पोरं, तिसऱ्याला भेळवाला. ‘काका, सोनं आहे का?’ मी उकिडवा बसून खणतोय, भोवती रिंगण, आणि निघतं काय, तर बिअरच्या बाटलीचं बूच.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरून साठ रुपयांचं कनेक्टर आणलं. ते बोटभर बाहेर लोंबतं आणि प्रत्येक झोक्याला हलतं. चौथ्या महिन्यात सॉकेटच सैल झालं. सर्व्हिसवाले म्हणतात, ‘फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, दोन हजार दोनशे होतील.’ तीन फेऱ्या मारल्या, भांडलो, पैसे दिले नाहीत. आता स्पीकरवर बँडेजपट्टी चिकटवून फिरतो.

एक गोष्ट मात्र मागे घेतो. गिरगाव चौपाटीच्या ओल्या वाळूत ते अखंड किरकिरतं म्हणून मी पहिल्या महिन्यात त्याला भंगार ठरवलं होतं. खाऱ्या ओलीत एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्राचं असंच होतं. सेन्सिटिव्हिटी कमी करून कोरड्या वाळूत फिरवलं, तर एकदम शहाणं. चूक माझीच.

चांदी ओळखतं का? आईचा 1862 चा राणीछाप रुपया (11.66 ग्रॅम, जवळजवळ 92 टक्के चांदी) सोसायटीच्या बागेत वीतभर खाली पुरून पाहिला. कोणता धातू असावा हे सांगणारा पडद्यावरचा आकडा 85, हलला नाही. मग बिअरचा चेपलेला कॅन पुरला. तोही 85! शिवाय लोखंड वगळायचं बटण चालू असेल, तर लोखंडी पेटीत पुरलेल्या रुपयांवरून ते मुकाट्याने पुढे जाऊ शकतं. पूर्वजांनी तांब्याचा हंडा वापरला असेल अशी आशा ठेवायची.

आणि सापडलं तरी खिशात घालता येत नाही, हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये! आज एकटा राणीछापसुद्धा त्यापलीकडे कितीतरी. किल्ल्यांवर तर हे यंत्र नेऊच नका.

सात महिन्यांची कमाई: चालू नाणी मिळून एकशे चौऱ्याहत्तर रुपये, ॲल्युमिनियमचे वीस पैसे तीन, एक पितळी घुंगरू. मागच्या आठवड्यात मात्र कोरड्या वाळूत आकडा 52 वर थरथरला. कचराच असणार म्हणून सोडून निघालो होतो, पण परत आलो, उकरलं. काळं पडलेलं चांदीचं जोडवं. घरी नेऊन रांगोळीने घासलं, चमकलं. बायकोने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

‘अहो, आणि दुसरं?’