डायलिसिस सेंटर: पाचपैकी साडेतीन तारे

बाबांचं डायलिसिस इथे दोन वर्षं चालू आहे. आठवड्यातून ३ वेळा, ४-४ तास. सुरुवातीला दिवसाला ७०० मिली लघवी व्हायची, आता मापात जेमतेम १५० भरते. हे हळूहळू होतंच म्हणा. पण मशीनवर बीपी पडत राहिलं तर उरलीसुरली किडनीही लवकर थकते, हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नाही. एकदा मशीनने अंगातलं ३ लिटर पाणी भराभर ओढलं, बाबा घामाघूम, पायात गोळे! नव्या सिस्टर मात्र २४ तासांची लघवी साठवून मोजायला लावतात, ड्राय वेट (अंगात जादा पाणी नसतानाचं वजन) डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घेतात, अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ देत नाहीत. चहा अर्धा कपच, यावर बाबा अजून रुसलेले. एसी फार गार, शाल न्या.