जेलीफिशच्या दंशावर पांढरं व्हिनेगर: घ्यावं का?

घ्यावं. समुद्रात उतरणाऱ्यांच्या प्रथमोपचार पेटीत लिटरभर साधं पांढरं व्हिनेगर हवंच. फक्त ते वेदनाशामक नाही, हे आधी लक्षात घ्या. ओतल्यावर आग थांबत नाही म्हणून लोक अर्ध्यातच बाटली बाजूला ठेवतात आणि चोळायला लागतात. घात होतो तो तिथेच.

जेलीफिशच्या शुंडकांवर, म्हणजे लोंबणाऱ्या दोऱ्यांसारख्या अवयवांवर, हजारो सूक्ष्म दंशकोश असतात. प्रत्येकात गुंडाळी करून बसलेली पोकळ नळी असते. धक्का लागला की ती कातडीत घुसून विष सोडते. अंगाला चिकटलेल्या शुंडकाच्या तुकड्यात न फुटलेले कोश भरपूर शिल्लक असतात. बॉक्स जेलीफिश या चौकोनी घंटेच्या आकाराच्या विषारी जेलीफिशच्या बाबतीत ४ ते ६ टक्के ॲसिटिक आम्ल हे कोश कायमचे निकामी करतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते १९८० मध्ये दाखवून दिलं. आधीच आत गेलेल्या विषाला मात्र ते काहीही करत नाही. त्या विषातली प्रथिनं पेशींच्या आवरणाला भोकं पाडतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि मोठ्या दंशात हृदयावर बेततं.

म्हणून सलग किमान ३० सेकंद ओतत राहा, मग चिमट्याने शुंडकं उचला. गोडं पाणी, वाळू, टॉवेल, लघवी, दारू यातलं काहीही नको. घट्ट पट्टीही नको, दाबाने उरलेले कोश फुटू शकतात. त्यानंतर सोसेल इतक्या गरम, जास्तीत जास्त ४५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटं तो भाग बुडवा. आग खरी ओसरते ती या पाण्यानेच.

बाटली घेताना लेबलवर आम्लता किमान ४ टक्के आहे ना, ते बघा आणि पाणी मिसळू नका. सिंथेटिक व्हिनेगरही चालतं, काम आम्लच करतं. तीव्र ॲसिटिक आम्ल मात्र अजिबात नको, कातडी भाजेल. बारीक फवाऱ्याची छोटी बाटली आम्हाला पटत नाही, लांब वळ पुरते भिजत नाहीत. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सगळ्याच जातींवर हा उपाय चालत नाही. क्रायसाओरासारख्या काही जेलीफिशचे कोश व्हिनेगरने उलट फुटतात, ब्लूबॉटल या निळ्या फुग्यासारख्या तरंगणाऱ्या जेलीफिशसदृश जीवाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. तिथे समुद्राच्या पाण्याने धुऊन थेट गरम पाण्याकडे वळा. अर्ध्या तासात पाठीत कळा, दरदरून घाम किंवा धाप लागली, तर रुग्णवाहिकाच बोलवा.