जिओसिनेमावरची पॅरिस मॅरेथॉन: पाच स्टार

पॅरिस ऑलिम्पिक फुकट दाखवलं याबद्दल जिओसिनेमाला पूर्ण मार्क, कारण 11 ऑगस्ट 2024 ची बायकांची मॅरेथॉन पूर्ण बघायलाच हवी अशी होती, हायलाइट्समध्ये ती मजाच येत नाही. नेदरलँड्सची धावपटू सिफान हसन, तिला गोल्डचा चान्स कमीच होता हो, दीड दिवस आधी 10,000 मीटरचं ब्राँझ, त्याआधी 5,000 चं पण, आणि वर व्हर्सायच्या बाजूचे ते चढ! फेव्हरिट इथिओपियाची टिगस्ट असेफा, 2:11:53 चा तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड तिचाच. पण हसन मागे मागे राहून चिकटून राहिली, शेवटच्या वळणावर आतून घुसली, धक्काबुक्की झाली, तरी थांबली नाही, 2:22:55, ऑलिम्पिक रेकॉर्ड, असेफाच्या फक्त 3 सेकंद पुढे! ट्रॅकवरचा स्पीड असा कामाला येतो बघा.